फोटोच्या मागची नावं

राजकारणी माणूस म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे माहेरून आलंय. माझे एक काका तीन वेळा नगरपालिकेला उभे राहिले आणि तिन्ही वेळा आपटले, आणि दर वेळी घरातल्या बायका महिनाभर कार्यकर्त्यांच्या चहाचे कप विसळत बसल्या. तेव्हाच मी ठरवलं होतं, हात जोडून हसत येणाऱ्या माणसाला दारातूनच वाटेला लावायचं. आणि देवाची करणी बघा, अमेरिकेत मला जी सगळ्यात जवळची मैत्रीण मिळाली ती निघाली मुरलेली राजकारणी. तैवानच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा गावची माजी नगरसेविका. पुढे त्या देशाच्या कायदेमंडळात निवडून गेल्या, पण माझ्या ओळखीच्या त्या त्याच्या आधीच्या. आमच्या घरात त्यांचं नाव मेंबरबाई.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवरा शिकागोपासून तीन तासांवरच्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता आणि मी तिथल्याच लायब्ररीत तासावर काम करत होते. लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी तीन विटांच्या बिल्डिंगा होत्या, प्रत्येकीत बारा घरं. सगळ्या जगातली माणसं तिथे कोंबलेली, आणि सगळी आमच्यासारखीच कडकी. इंडियाला फोन लावायचा तर आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवायचं. त्या दिवसांची आजही आठवण येते. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या या चार बेडरूमच्या घरात सगळं आहे, पण भिंतीपलीकडे कोण आजारी आहे ते कळत नाही.

मेंबरबाईंची पहिली भेट लॉन्ड्रीत झाली. मधल्या बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुण्याची तीन मशिनं होती, त्यातली दोन नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून बंद. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी टोपली कमरेवर घेऊन मराठीत तोंडाचा पट्टा सोडला होता. कोपऱ्यात स्टुलावर चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. आखूड केस, अंगात पुरुषी स्वेटर. एक अक्षर कळत नसताना त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग सावकाश इंग्रजीत विचारलं, "इथे किती घरांत लहान मुलं आहेत?"

मी म्हटलं, "मला काय माहीत!"

"मग तू नुसती ओरडतेस," त्या म्हणाल्या.

असा राग आला मला! ओळख ना पाळख, आणि वर शहाणपण. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या, हातात वही, ओठांवर हसू. मी कसली वाटेला लावतेय, मुकाट्याने चहा टाकला.

"पहिल्या फेरीत काही मागायचं नाही," हा त्यांचा नियम. पहिल्या फेरीत नुसतं विचारायचं, घरी म्हातारं कोण, आजारी कोण, मूल केवढं. छत्तीस घरं त्यांनी आठवड्यात पालथी घातली आणि मला बरोबर फिरवलं, कारण माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं होतं. इजिप्तच्या बाईचा दमा, कोरियन जोडप्याच्या मुलाचे दात, आमच्या नागपूरच्या वहिनींचा सातवा महिना, सगळं वहीत. मशिनचा विषय काढतच नव्हत्या. माझा जीव वरखाली. "अहो, विचारा की आता!" तर म्हणे, "थांब." आणि खरंच, दुसऱ्या फेरीत लोकच विचारायला लागले की त्या मशिनचं काही करता येईल का. सोमवारी सकाळी हाउसिंगच्या ऑफिसात छत्तीस घरांतली माणसं मळक्या कपड्यांच्या टोपल्या घेऊन रांगेत उभी राहिली. घोषणा नाही, भांडण नाही. त्या टोपल्यांचा वासच पुरेसा होता. गुरुवारी नवी मशिनं आली आणि मी त्यांची भक्त झाले.

त्यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक कपड्यांच्या घड्या घालताना. मुळात त्या प्राथमिक शाळेतल्या बाई. गाव खाडीकाठचं, मासळीवर आणि मिठावर जगणारं. तिकडे तेव्हाच बायकांना राखीव जागा असायच्या, आपल्याकडे ते बरंच नंतर आलं. गावच्या पुढाऱ्यांना न बोलणारी एक बाई हवी होती. "मी वर्गात ओरडत नसे, तेवढ्यावर त्यांनी मला मुकी समजलं," असं सांगताना त्यांना हसू आवरायचं नाही. पहिल्याच बैठकीत या मुकीने विचारलं, बाजारातलं गटार शेवटचं कधी उपसलं? पुढच्या खेपेला पुढाऱ्यांनी नाव घातलं नाही, तर स्वतःच उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. प्रचाराची गाडी गल्लीतून जाताना ज्यांचा पाठिंबा ते दारात फटाक्यांची माळ लावायचे, त्यामुळे गाडीत बसून कान उघडे ठेवले की मतं मोजता यायची. तिसऱ्यांदा त्या जिल्ह्याच्या सभेवर गेल्या.

आणि मयतं! हे ऐकून तर मी थक्कच झाले. गावातल्या एकूण एक मयताला त्या जायच्या. काळा कोट कपाटाच्या दाराला कायम लटकवलेला. एका दिवसात पाच पाच घरं केलेली. ज्याने निवडणुकीत शिव्या घातल्या त्याच्या आईलासुद्धा वाकून नमस्कार करून यायच्या. "लग्न चुकलं तर माफ असतं," म्हणायच्या, "मयत चुकलं की पडलात." मला आमच्या काकांची आठवण झाली आणि मी फटकन म्हटलं, "म्हणजे ढोंगच की हे!"

त्या चिडल्या नाहीत. "पहिली शंभर मयतं ढोंग असतं," म्हणाल्या. "मग नसतं."

जिल्ह्याच्या सभेत त्या सरकारला नको ते बोलायला लागल्या. तिकडे तेव्हा लष्करी कायदा होता, वेगळा पक्ष काढायलाही बंदी. बरोबरचे दोघे तुरुंगात गेले. तेव्हा त्यांच्या यजमानांनी आणि आईने हातापाया पडून त्यांना दोन वर्षांसाठी शिकायला म्हणून इकडे धाडलं. यजमान तिकडेच मास्तर, यांच्या आईला सांभाळून राहिलेले. मेंबरबाईंचा बेत पक्का होता. डिग्री घ्यायची, परत जायचं आणि थेट देशाच्या कायदेमंडळाला उभं राहायचं. पण त्याहून मोठी घाई आईची होती. आई ऐंशीला टेकली होती. "ती आहे तोवर पोचायचं," असं आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या तोंडून यायचंच.

आता माझा पराक्रम सांगते.

त्या उन्हाळ्यात आम्ही पहिला कॅमेरा घेतला होता आणि मी दिसेल त्याचा फोटो काढत सुटले होते. जुलैत मेंबरबाईंनी तळ्याकाठी पिकनिक ठेवली. त्यांच्या देशाची दहा-बारा माणसं आणि आम्ही दोघं. नूडल्स, कलिंगड, मी नेलेला कांदेपोह्यांचा मोठा डबा. जेवण झाल्यावर त्यांनी आपल्या बोलीतली गाणी म्हटली, मग बाहेरगावाहून आलेल्या एका पाहुण्यांनी अर्धा तास भाषण केलं. मला ओ की ठो कळलं नाही. भाषण संपल्यावर सगळे गप्प झाले, म्हणून वातावरण जरा हलकं करावं या सद्हेतूने मी ओरडले, "चला, ग्रुप फोटो!" लोक चुळबुळायला लागले. एकाने टोपी पुढे ओढली, एक बाई पाठमोऱ्या झाल्या. "अरे, लाजताय काय यार!" म्हणत मी एकेकाला दंडाला धरून उभं केलं. मेंबरबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मध्ये येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांची पाहुणी होते. पाहुणीला चारचौघांत नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

आमच्या घरात फोटोची एक शिस्त होती. आई म्हणायची, मागे नावं लिहा गं, नाहीतर दहा वर्षांनी हा कोण नि तो कोण करत बसाल. पुढे मराठी मंडळाच्या दिवाळीचे फोटोसुद्धा मी तसेच सगळ्यांना पाठवायची. तर या फोटोच्या मी सहा कॉप्या काढल्या आणि प्रत्येकीच्या मागे डावीकडून उजवीकडे सगळ्यांची पूर्ण नावं घातली, खाली तळ्याचं नाव आणि तारीख. स्पेलिंग चुकू नये म्हणून मेंबरबाईंची वही मागून आणली होती. एवढी मी व्यवस्थित!

लायब्ररीत त्यांच्याच देशाचा एक विद्यार्थी यायचा. अतिशय अदबशीर, माझ्यासाठी दार धरून उभा राहायचा. त्याला मी मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला, म्हटलं बघा, तुमची माणसं! त्याने आधी पुढून पाहिला, मग मागून. मागून जरा जास्तच वेळ पाहिला. मग म्हणाला, "यातला एक मिळेल का?" आपल्याकडे कुणी फोटो मागितला तर नाही म्हणतात का? उलट मला धन्य वाटलं. मी त्याला पाकिटात घालून दिला.

ऑक्टोबरात मेंबरबाई बसने शिकागोला गेल्या, त्यांच्या सरकारच्या ऑफिसात, पासपोर्टची मुदत वाढवून आणायला. संध्याकाळी परतल्या त्या सरळ आमच्याकडे आल्या. मी कणीक मळत होते. त्या कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मुदत दिली नाही. परत जायला परवानगी नाही. यादीत नाव गेलं माझं." परदेशात बसून सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांची ती यादी. एकदा नाव गेलं की स्वतःच्या देशाचं दार बंद.

"असं कसं गेलं?" मी विचारलं.

"टेबलावर फोटो होता. तळ्यावरचा. मागे सगळ्यांची नावं होती." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आणि मी काय केलं? कणीक मळत राहिले. मळून मळून तिचा पार चिकट गोळा झाला, पण तो फोटो मीच दिला होता हे काही मी सांगितलं नाही. त्या थोडा वेळ बसल्या, मग उठून खाली आपल्या घरी गेल्या.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता बोलून पासपोर्ट मिळणारे का त्यांना? गप्प बस." आणि मी, एका मशिनवरून अख्खं तळघर डोक्यावर घेणारी बाई, खरंच गप्प बसले. चार महिने! तो विद्यार्थी काउंटरवर आला की मी आत निघून जायची. त्यानेच फोटो पोचवला की त्याच्याकडून दुसऱ्या कुणी घेतला, मला आजतागायत माहीत नाही. त्याला शिव्या द्यायला तोंड होतं कुठे मला? नावं तर मीच घातली होती, सुवाच्य अक्षरात. लाज वाटायची स्वतःची. त्यांनी आणलेलं सूप मी तसंच नवऱ्यापुढे सरकवायची.

फेब्रुवारीत माझे वडील गेले. फोन आला तेव्हा तिकडे सगळं उरकलंसुद्धा होतं. धावत जाऊनही काही उपयोग नव्हता. नवऱ्याने खाली जाऊन सांगितलं आणि दहा मिनिटांत मेंबरबाई वर आल्या, अंगात तो काळा कोट. भांडी घासली, भात टाकला, आणि माझ्याजवळ बसून विचारलं, "वडील काय आवडीने खायचे?" मी म्हटलं, "थालीपीठ." मग ते कसं करतात, कशाचं करतात, पीठ कोण दळून आणायचं, असं विचारत राहिल्या, आणि मी तासभर वडिलांबद्दल बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या.

तिसऱ्या दिवशी मला ते सोसेना. मी म्हटलं, "माझं एवढं करू नका हो. तो फोटो मी दिला होता. नावं मीच लिहिली."

त्या ताट पुसत होत्या. ते पुसून नीट ठेवलं. "माहीत आहे," म्हणाल्या. "टेबलावरच ओळखलं मी. तू दिलेल्या मसाल्याच्या बरण्यांवर हेच अक्षर आहे."

"माहीत होतं? मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मी सरळ तुझ्याकडेच आले होते. तू सांगशील म्हणून वाट बघितली. तू कणीक मळत राहिलीस."

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. "रागावला नाहीत माझ्यावर?"

"रागावले ना! तीन आठवडे जिन्यात तू दिसलीस की मान फिरवून जात होते. तुझ्या लक्षातच आलं नाही, तुला वाटलं माझ्या परीक्षा आहेत."

"मग परत कशाला आलात?"

त्यांनी फडकं पिळून नळावर टाकलं. "छत्तीस घरं आहेत इथे. एक सोडलं की पस्तीस. एकदा सोडायची सवय लागली की मग माणूस सोडतच जातो." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. वडिलांसाठी किती आणि फोटोसाठी किती, कुणाला ठाऊक.

मला वाटलं, चला, सुटले मी. पण पुढच्या वर्षी जुलैत त्यांची आई गेली.

मी खाली गेले तर मेंबरबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. बाहेर घामाच्या धारा लागाव्यात असं ऊन, आणि यांच्या अंगात काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. साऱ्या गावाच्या मयताला गेलेली बाई, आणि स्वतःच्या आईचं तेवढं चुकलं. मी छत्तीस घरांत जाऊन सांगून आले. संध्याकाळपर्यंत एकेक जण येऊन त्यांच्यापुढे दहा दहा मिनिटं बसून गेला, लहान लहान मुलंसुद्धा. त्यांनी प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. माझ्याकडे मात्र त्या दिवशी त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझ्या वडिलांना मी शेवटचं बघितलं नाही, ते अंतरामुळे. त्यांनी आईला बघितलं नाही, ते माझ्यामुळे. याला दुसरं नाव देता येत नाही.

पुढची काही वर्षं त्या शिकागोत राहिल्या. आठवडाभर एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायच्या आणि रविवारी आपल्या लोकांच्या सभा घ्यायच्या. आम्ही नेपरव्हिलला आल्यावर महिन्यातून एकदा ट्रेनने आमच्याकडे यायच्या. तोवर मला लेक झाली होती. तिला त्यांनी नूडल्स लाटायला शिकवलं आणि ती त्यांना इंग्रजीत दरडावायची. मग तिकडचा लष्करी कायदा उठला. यादी मात्र उठली नव्हती. परत जाणाऱ्या काहींना आत घेत, काहींना विमानतळावरूनच माघारी धाडत. शेवटी मेंबरबाईंनी ठरवलं, जायचंच. त्या गेल्या, वर्षाच्या आत निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि आल्या ना निवडून आमच्या मेंबरबाई! नुसत्या गावच्या नाही, देशाच्या मेंबर. मी नेपरव्हिलमध्ये घरोघरी पेढे वाटले. कुणाचे पेढे म्हणून विचारलं की सांगायला अर्धा तास लागायचा.

पण मला तो जल्लोष एवढा आठवत नाही, जेवढा त्या निघाल्या तो दिवस आठवतो. तेव्हा शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अगदी गेटपर्यंत सोडायला जाता यायचं. आम्ही दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी बसलो होतो. बोर्डिंग सुरू झालं आणि इतकी वर्षं ओठांवर अडकलेलं मी विचारून टाकलं, "माझ्यावर राग आहे का हो अजून?"

मला वाटलं होतं, हसतील, छे छे म्हणतील. शेवटी राजकारणी माणूस.

"आहे," त्या म्हणाल्या. "आईचा आहे. तो जायचा नाही." मग पर्समध्ये वकिलाने मिळवून दिलेले प्रवासाचे कागद चाचपत म्हणाल्या, "तिकडे मला अडवलं तर अमेरिकेत कुणाला फोन करायचा, असं वकिलाने विचारलं. मी तुझा नंबर दिलाय. बोंब मारायला तुझ्याइतकं कुणी नाही."

दोन दिवस मी फोनपासून हलले नाही. अंघोळीला गेले तरी नवऱ्याला फोनपाशी बसवून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन खणाणला. वकील असेल, अडवलं असेल, परत धाडलं असेल. उचलला, तर पलीकडून त्यांचाच आवाज, घसा बसलेला.

"पोचले," त्या म्हणाल्या. "सोडलं मला. आईच्या थडग्यावर जाऊन आले. सगळं सांगितलं तिला. फोटोचंही सांगितलं."

मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"म्हटलं, पोरगी मनाने वाईट नाही. अक्षर फार चांगलं आहे, तेवढंच."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्याने रडायला लागले. नवरा जिन्यावरून धडधडत खाली आला. त्याला वाटलं, बाईंना अडवलं.